पम्या, तो जिना आठवतो?

प्रिय पम्या,

वर्षभर तुझ्या मेसेजना नुसते अंगठे दाखवले, त्याबद्दल शिव्या आधी देऊन घे. तब्येत बरी, शुगर काठावर. बायको भात मोजून वाढते.

काल एका पोराचा इंटरव्ह्यू घेतला. हो, आता मी घेतो. हस. पोरगं आपल्याच भागातलं, मागे हॉस्टेलची खाट, खाटेवर ओला टॉवेल. मी ठरलेला प्रश्न टाकला: लिंक्ड लिस्टमध्ये (प्रत्येक घरात पुढच्या घराचा पत्ता, अशी साखळी) लूप आहे का, म्हणजे साखळी फिरून मागच्याच एखाद्या घरात येते का? त्यानं ससा-कासव लावलं. एक पॉइंटर, म्हणजे घरावर ठेवलेलं बोट, दर वेळी एक घर पुढे, दुसरा दोन घरं, भेटले की लूप. बरं, लूप सुरू कुठे होतो? गडी थांबला. हनुवटी खाजवली, छताकडे बघितलं, "लेट मी थिंक" म्हणाला. आणि मग एकदाही बॅकस्पेस न दाबता लिहीत सुटला: एक पॉइंटर परत हेडला, म्हणजे पहिल्या घराला, आता दोघंही एकेक घर, भेटतील तिथे सुरुवात.

पम्या, ती हनुवटी माझी होती रे. २००७ चा कॅम्पस. तू आत याच जागी अडकलास आणि बाहेर आल्यावर जिन्यात तुला सुचलं. हॉल तिकिटाच्या मागे सिद्धही करून दाखवलंस. मी उत्तर तेवढं उचललं आणि आत जाऊन हनुवटी खाजवली. वर तुझ्याच लग्नात सगळ्यांसमोर म्हणालो, "मी स्वतः सोडवला होता." तू मुंडावळ्या सावरत हसलास. मेसच्या साडेतीनशेवरून मात्र अजून भांडतोस!

मला तेव्हा कुणी "का?" विचारलं नाही. याला मी विचारलं. गप्प. हेडपासून लूपच्या तोंडापर्यंत जेवढं अंतर, तेवढंच भेटीच्या जागेपासून पुढे तोंडापर्यंत, फार तर मध्ये काही पूर्ण चकरा. मलाही हे सहा वर्षं नोकरी केल्यावर कळलं, एका रात्री ऑन-कॉलला, सर्व्हर वर यायची वाट बघताना. बाकी कामात लिंक्ड लिस्ट एकदाही हातानं लिहिली नाही. जन्म लॉग वाचण्यात आणि यॅमलच्या सेटिंग फाइलींमधल्या स्पेस मोजण्यात चाललाय.

नंतर सिस्टिममध्ये बघितलं. परवा त्याच कॉलेजच्या दुसऱ्या पोराला आमच्या टीममधल्या बाईंनी हाच प्रश्न घातला होता. शेरा: "लूप सापडला, सुरुवात नाही." नो हायर.

आता माझा फॉर्म उघडा पडलाय, एचआरची दोनदा आठवण येऊन गेली. "प्रश्न आधीच माहीत होता" असं लिहायला रकाना आहे. लिहिलं तर याचं गेलं. नाही लिहिलं तर जिन्यातला तो दुसरा? त्याला परत बोलवा म्हणायला मी कोण, आणि कुठल्या तोंडानं?

तुझी द्राक्षांची छाटणी उरकली का? या पावसात बागेवर डावण्या रोग आला नाही ना? काकूंचा गुडघा? पोरगी दहावीला ना यंदा, बाप रे.

एक विचारायचं राहिलंय, अठरा वर्षं. त्या दिवशी जिन्यात मला उत्तर सांगत होतास तेव्हा तुझं झालं नाही हे तुला कळलं होतं का?

फोन कर. फॉर्म उद्या अकरापर्यंत भरायचाय.

तुझा,
मेसचा थकबाकीदार