'इंजिन बंद पडलं' एवढ्यावर बातमी थांबू नये

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. छोटं विमान पडलं की दुसऱ्या दिवशीचं हेडिंग जवळपास ठरलेलं असतं, 'इंजिनात बिघाड', आणि विषय तिथेच संपतो. मी बरीच वर्षं किंग एअर बी 200 हे असंच छोटं विमान उडवलंय, आता रिटायर आहे, आणि हे वाचून दर वेळी जीव तुटतो, कारण दोन इंजिनांचं टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइनने पंखा फिरवणारं विमान, एक इंजिन गेल्यावरसुद्धा चढतं, फक्त स्पीड सांभाळावा लागतो आणि फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, योग्य वेळी वर घ्यावे लागतात. हे कुणी लिहीतच नाही.

थोडे आकडे देतो, कारण त्यांच्याशिवाय हे कळणार नाही. फ्लॅप खाली असले की पंख कमी स्पीडलाही विमान उचलून धरतो, पण हवेचा अडथळाही वाढतो. बी 200 मध्ये टेकऑफला फ्लॅप पूर्ण वर ठेवतात नाहीतर अप्रोच या खुणेवर, म्हणजे 40 टक्के खाली. अप्रोचवर असतील तर साधारण 94-95 नॉटला (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किमी) नाक उचलायचं, 50 फुटांवर 106 च्या आसपास असायला हवं. आता हेच विमान पूर्ण वजनाचं, 5670 किलोचं, फ्लॅप वर आणि पॉवर आयडलला, म्हणजे अगदी कमी, असेल तर 99 नॉटला स्टॉल होतं, म्हणजे पंख विमानाला उचलून धरेनासे होतात. म्हणजे घाईत 106 लाच फ्लॅप वर घेतले तर हातात 7 नॉट उरतात, आणि त्यात 30 अंश कलवून वळलात तर स्टॉलचा स्पीडच 106 वर येतो, उरलं काय? इंजिनांची पॉवर असते तेव्हा थोडी जास्त उसंत मिळते हे खरं, पण एक इंजिन गेलेलं असताना त्या भरवशावर कोण राहणार!

उलट चूक, म्हणजे फ्लॅप खालीच ठेवणं, तीही तितकीच महागात पडते. दोन्ही इंजिनं चालू असताना बी 200 समुद्रसपाटीला मिनिटाला 2450 फूट चढतं, एकावर फक्त 740, आणि तेही चाकं वर, फ्लॅप वर, बंद इंजिनाचा पंखा फेदर केलेला (पाती हवेला आडवी न राहता धारेने वळवलेली, म्हणजे अडथळा कमी) आणि स्पीड 121 नॉट असेल तेव्हाच. 121 म्हणजे स्पीडच्या घड्याळावरची निळी रेघ, एका इंजिनावर सगळ्यात चांगलं चढण्याचा स्पीड. नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी तर 740 सुद्धा मिळत नाहीत. म्हणून इंजिन गेल्यावर क्रम असा की रडरवर (शेपटीचं सुकाणू, जे पायाने चालतं) पाय घट्ट, चाकं वर, पंखा फेदर झालाय का बघ, ऑटोफेदर (ते आपोआप करणारी यंत्रणा) असलं तरी डोळ्यांनी बघ, अडथळे पार होईपर्यंत टेकऑफचा स्पीड धरून ठेव, मग नाक जरासं खाली करून 121 पकड आणि फ्लॅप वर. त्याच घड्याळावर लाल रेघ 86 वर आहे, त्याच्याखाली रडर पुरत नाही आणि विमान बंद इंजिनाच्या बाजूला लोळतं. दोन्ही इंजिनं ठणठणीत असतील तर काहीच प्रश्न नाही, फ्लॅप वर गेल्यावर 160 नॉटवर आरामात चढत राहायचं.

एकदा माझ्या को-पायलटने, पोरगा हुशार होता, चाकांपाठोपाठ लगेच फ्लॅपही वर घेतले. विमान पायाखालून बसल्यासारखं झालं आणि मी काही न बोलता विमानाचं नाक धरून ठेवलं, दोन्ही इंजिनं चालू होती म्हणून निभावलं. त्याला कुणी नीट शिकवलंच नव्हतं, सिम्युलेटरचे तास म्हणजे कंपनीला खर्च वाटायचा.

2017 मध्ये मेलबर्नच्या एसेंडन विमानतळावर बी 200 टेकऑफनंतर लगेच पडलं, पाच जण गेले, तिथेही सुरुवातीला इंजिनावरच बोट गेलं, पण तपासात निघालं की रडर ट्रिम, म्हणजे रडर एका बाजूला धरून ठेवणारी जोडणी, पूर्ण डावीकडे राहिलं होतं. 2023 मध्ये नेपाळमधल्या पोखऱ्याला फ्लॅपऐवजी प्रॉपेलर फेदर करणारे लीव्हर ओढले गेले आणि 72 माणसं गेली. ते विमान मोठं होतं, एटीआर 72, आणि वेळ उतरण्याची होती, पण हात कुठल्या लीव्हरवर गेला हा मुद्दा छोट्या विमानालाही तितकाच लागू होतो.

तेव्हा विनंती अशी की पुढच्या वेळी तुमच्या वार्ताहराने ऑपरेटरला एवढं तरी विचारावं, या वैमानिकांनी टेकऑफनंतर इंजिन जाण्याचा सराव शेवटचा कधी केला आणि तो सिम्युलेटरवर केला की नुसता कागदावर?

आपला,
एक निवृत्त वैमानिक, नाशिक