ज्याला भिंतीवर नाव हवंय, त्याला एक चौकोन द्या

मा. आयुक्त,
सोलापूर महानगरपालिका

साहेब, सप्रेम नमस्कार.

परवा पाहुण्यांना भुईकोट किल्ला दाखवायला नेलं. एका दगडावर बाण मारलेला बदाम आणि खाली दोन नावं कोरलेली. पाहुणे काही बोलले नाहीत. मीच सिद्धेश्वर तलावाकडं बोट दाखवून विषय बदलला.

किल्ला पुरातत्त्व खात्याचा, त्याच्या दगडाला रंगाचा ब्रशही लागता कामा नये. मी बोलतोय ते बागांची कुंपणं, पुलांचे खांब, बसथांबे यांबद्दल. १९९५ चा मालमत्ता विद्रूपणाचा कायदा आहे, त्यात कैद आहे, दंड आहे. पण रात्री दोनला कोळशानं नाव लिहिणाऱ्या पोराला कोण पकडणार? कोपऱ्यात देवादिकांच्या फरशा लावायचा उपाय तर मला मुळीच पटत नाही. माणूस चार पावलं पुढं जाऊन थुंकतो, आणि देव मात्र उगाच पहाऱ्याला बसतो.

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेनं १९८४ मध्ये एक साधा नियम केला. साफ केलेला डबा कुणी पुन्हा रंगवला, तर पुसल्याशिवाय तो रुळावर सोडायचा नाही. १९८९ पर्यंत सगळे डबे स्वच्छ झाले. आपलं नाव कुणाला दिसतच नाही म्हटल्यावर लिहिण्यात मजा काय उरली? आपल्याकडं रंगवलेली भिंत निदान दुसऱ्या दिवशी पुसली गेली, तरी निम्मं काम होईल.

उरलेल्या निम्म्यासाठी आपल्या चादरीकडं बघा. चादरीत विणायची जेकॉर्डची नक्षी मागावर जाण्याआधी चौकटीच्या कागदावर उतरते, एकेक चौकोन भरत. नक्षी काढणारे हात शहराच्या पूर्व भागात अजून आहेत. त्यांच्याकडून तोच कागद भिंतीवर मोठा करून घ्या आणि चौकोन गल्लीतल्या पोरांना वाटा. ज्यानं चौकोन भरला, त्याचं नाव खाली बारीक अक्षरात. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, ज्याला जी लिपी येते ती. भिंतीवर नाव हवं होतं ना, घे!

हे मी हवेत बोलत नाही. आमच्या भाच्यानंच शेजारच्या भिंतीवर स्वतःचं नाव ऑइलपेंटनं रंगवलं होतं. (घरात रंग आणून ठेवणारा मीच.) रविवारी त्याच्याकडून अख्खी भिंत घासून, चुना मारून घेतली. दिवसभर तोंड फुगवून बसला. आठवड्यानं कुणीतरी तिथं मावा थुंकलं, तर हाच रस्त्यात उभा राहून ओरडतोय, "कोण बे थुंकला इथं?"

होम मैदानाजवळची एखादी भिंत निवडा आणि जानेवारीतल्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, आधी हे करून बघा. लाखभर डोळे त्या वाटेनं जातात. भाचा यायला तयार आहे, ब्रश घरून आणतो म्हणालाय. रंग तेवढा महापालिकेनं द्यावा.

आपला,
एक सोलापूरकर