लाइपझिगहून बाबांना: दोन नावांचा संपादक

ती. बाबा,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा परवाचा मेसेज पाहिला, 'तिकडे पेपर बिपर वाचतोस की नुसता मोबाईल', आणि उत्तर टाईप करायला घेतलं तर ते लांबतच गेलं, म्हणून म्हटलं सरळ पत्रच लिहावं, तुम्हाला तसंही कागदावरचंच खरं वाटतं. आईला सांगा थंडी अजून सहन होतेय आणि गोडा मसाला संपत आलाय.

गेल्या रविवारी इथल्या छपाईच्या म्युझियममध्ये गेलो होतो. एका जुन्या छापखान्यातच आहे ते, मशिनं चालू करून दाखवतात, आत शिरल्या शिरल्या शाई आणि रॉकेलसारखा वास आला आणि मी एकदम आपल्या प्रेसमध्ये, तुम्ही स्टुलावर बसून छपाईचे खिळे जुळवताय आणि मी खाली सांडलेले वेचतोय. तसं हे गावच छपाईवाल्यांचं, जगातला पहिला दैनिक पेपर १६५० साली इथेच निघाला, आणि लेनिनच्या 'इस्क्रा'चा पहिला अंक १९०० च्या डिसेंबरात इथेच चोरून छापला गेला.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. सोबत ऑफिसातली एक मैत्रीण होती, इस्तंबूलची, पण आर्मेनियन. त्यांची माणसं इस्तंबूलला 'बोलिस' म्हणतात. ती म्हणाली, आमचा एक संपादक याच गावात वारला, १९७९ साली, तेही दुसऱ्याच नावाने राहत असताना. मग मी आठवडाभर तिचं डोकं खाल्लं आणि थोडं स्वतःही वाचलं.

अराम पेहलिवान्यान त्याचं नाव. कवी, कम्युनिस्ट, पत्रकार. १९४५ मध्ये याने आणि अवेदिस अलिकसान्यान, झावेन बिबेर्यान या दोन मित्रांनी मिळून इस्तंबूलमध्ये आर्मेनियन भाषेत पेपर काढला, 'नोर ओर', म्हणजे नवा दिवस. आता टायमिंग बघा. १९१५ ची आर्मेनियनांची कत्तल होऊन तीस वर्षं झालेली, उरलीसुरली माणसं मान खाली घालून जगतायत, त्यात १९४२ मध्ये सरकारने संपत्तीवर टॅक्स लावलेला, कायद्यात धर्माचा उल्लेख नाही पण आर्मेनियन, ग्रीक आणि ज्यू लोकांना आकारणी मुसलमानांच्या कैक पट. ज्यांना भरता आला नाही त्यांच्या दुकानाघरांचा लिलाव, आणि पुरुषांना पार पूर्वेला अश्कालेला बर्फात दगड फोडायला पाठवलं. अशा वेळी ही तिघं पोरं उठून लिहितात की आम्ही नागरिक आहोत तर हक्कही बरोबरीचे द्या. बरं नुसतं सरकारला नाही, समाजातल्या श्रीमंत पुढाऱ्यांनाही सोडलं नाही, म्हणजे दोन्हीकडून शिव्या. (तुम्हाला हे ओळखीचं वाटेल, साखर कारखान्याची ती बातमी आठवतेय ना, नंतर वर्षभर जाहिरात नाही मिळाली.)

त्यातच १९४५ ला स्टॅलिनने तुर्कस्तानाकडे त्यांचा पूर्वेचा कार्स आणि अर्दाहानचा मुलूख मागितला, आणि जगभरच्या आर्मेनियनांना सोव्हिएत आर्मेनियात या म्हणून बोलावणं धाडलं. झालं, तुर्की पेपरांना आयतं कोलीत. आर्मेनियन असणं आधीच संशयाचं, वर डावा. १९४६ च्या डिसेंबरात मार्शल लॉ वाल्यांनी दोन समाजवादी पक्ष बंद केले, त्यांच्यासोबत बरेच पेपरही, त्यात 'नोर ओर' गेला. अरामला तुरुंग, आणि पुढे देशच सुटला तो सुटला.

तिघांचं काय झालं बघा. अलिकसान्यान पॅरिसला गेला आणि तिथे परत आर्मेनियन पेपरच काढला, खोडच ती. बिबेर्यान बैरुतला काही वर्षं काढून परत इस्तंबूलला आला, कादंबऱ्या लिहिल्या, १९६८ ला तिथल्या नगरपालिकेतही निवडून आला. आणि अराम इथे, तेव्हाच्या पूर्व जर्मनीत, तुर्की कम्युनिस्ट पक्षाच्या वरच्या फळीत. पक्षावर तिकडे बंदी म्हणून सगळा कारभार परदेशातून, रेडिओसुद्धा, 'बिझिम राद्यो' म्हणजे आपला रेडिओ. आणि पक्षात त्याचं नाव काय, तर अहमेत सायदान!

मला हेच पचत नाही बाबा. ज्या माणसाने आपल्या भाषेत, आपल्या लिपीत पेपर काढायचा म्हणून जेल भोगली त्याने उरलेलं आयुष्य अहमेत म्हणून काढायचं. मी हे बोललो तर मैत्रीण हसली, म्हणाली तुला नवल वाटतंय, आम्हाला लहानपणी आईला घरी आर्मेनियनमध्ये 'मामा' आणि रस्त्यात तुर्कीत 'आन्ने' म्हणायची सवयच लावलेली, आईला आई म्हणताना आधी आजूबाजूला बघायचं. पक्षात टोपणनाव सगळेच घ्यायचे, तो भाग वेगळा, तेही तिनेच सांगितलं. तरीपण.

आता तुमच्या कामाची गोष्ट. त्यांच्या लिपीत अक्षरं फक्त अडतीस! जोडाक्षरं नाहीत, काना मात्रा वेलांटी नाही, कॅपिटल धरून शहात्तर घरं की खिळ्यांची केस संपली. आपल्या केसेस आठवून मला हेवाच वाटला. आणि गंमत म्हणजे 'नोर ओर' मधले दोन्ही 'ओ' वेगवेगळ्या अक्षरांनी लिहितात, दुसरा 'ओ' मूळ छत्तीसात नव्हताच, मागाहून मध्ययुगात आला. आणि त्यांचा जगातला सगळ्यात पहिला पेपर कुठे छापला माहितीय? मद्रासला! १७९४ मध्ये, 'अझ्दारार', एका आर्मेनियन पाद्रीने काढला. म्हणजे आपल्या 'दर्पण'च्याही ३८ वर्षं आधी, आपल्याच देशात.

तिच्याकडून 'नोर ओर' लिहून घेतलंय, चिठ्ठी सोबत ठेवतोय. वर कुठली बाजू ते कळावं म्हणून मी पेन्सिलीने बाण काढलाय, पण तुम्ही जन्मभर उलटी अक्षरं वाचलीत, तुम्हाला काय लागतोय बाण. दुसरा 'ओ' कुठला ते ओळखा आणि फोनवर सांगा.

तुमचा,
बंड्या