गिरणी कामगारांच्या आठवणी आत्ताच रेकॉर्ड करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलगा एस्टोनियात नोकरीला आहे त्यामुळं यंदा तिकडं जाणं झालं आणि नार्वा गावातली क्रेनहोम ही बंद पडलेली कापडगिरणी आत जाऊन बघितली, त्यावर लिहितोय कारण बघताना सारखा आपला सातारा जिल्हाच डोळ्यापुढं येत होता. गिरणी 1857 ची, नदीतल्या बेटावर, धबधब्याच्या जोरावर चालणारी. 1872 ला तिथं मोठा संप झालेला. पुढं सोविएत काळात सरकारी झाली तेव्हा 10 हजारांवर माणसं कामाला होती, कापूस मध्य आशियातनं यायचा. 1991 ला सोविएत युनियन मोडलं, हक्काचं गिऱ्हाईक गेलं, मग एका स्वीडिश कंपनीनं चालवून बघितली पण 2010 ला दिवाळं निघालंच.

आता लाल विटांच्या लांबच लांब इमारती रिकाम्या आहेत. मशीन नाहीत, पण जिथं जिथं साचा, म्हणजे कापड विणायचा माग होता तिथं जमिनीत बोल्टची भोकं आणि तेलाचे काळे डाग ओळीनं तसेच आहेत, दोन साच्यांमधली वाट किती चिंचोळी होती ते त्यावरनं कळतं. माहिती सांगणाऱ्या बाईंची आई तिथंच कामाला होती. खात्यात एवढा आवाज की बायका ओठांवरनं बोलणं ओळखायच्या आणि घरी आल्यावरपण आई तोंडाकडं बघूनच बोलायची असं त्या म्हणाल्या, आणि मला एकदम आमचे चुलते आठवले, परळच्या गिरणीत साचेखात्यात होते, ते आजही असंच ओठांकडं बघत ऐकतात.

18 जानेवारी 1982 ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मुंबईतल्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, त्यात माण, खटाव, जावळी, पाटणची माणसं किती होती ते गावोगाव विचारा. गिरण्यांच्या जागी तर मॉल आणि टॉवर झाले, पण संपानंतर परत आलेली माणसं आपल्याच गावात आहेत, सत्तरी-ऐंशीला टेकलेली, आणि दरवर्षी त्यातली काही जातायत. त्यांच्या आठवणी नीट लिहून घेतलेल्या मला तरी आपल्या भागात कुठं दिसल्या नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

माझी कळकळीची विनंती आहे की आपल्या पेपरनं आठवड्याला एक सदर यासाठी द्यावं आणि सातारा, कराडच्या कॉलेजच्या पोरांनी मोबाईलवर का होईना पण रेकॉर्डिंग सुरू करावं. बदलीचं काम (गैरहजर कामगाराच्या जागी) कसं मिळायचं, जॉबर म्हणजे कामावर घेणारा मुकादम कसा वागायचा, गावकीच्या म्हणजे एकाच गावच्या माणसांच्या सामाईक खोलीत किती जण पाळीपाळीनं झोपायचे, खानावळीचं बिल संपात कसं थकलं, सगळं विचारावं. आणि हो, नुसत्या पुरुषांना विचारून भागणार नाही, मनीऑर्डर बंद झाल्यावर ज्या बायकांनी इथं दुष्काळी रानात राबून घर चालवलं त्यांच्याकडं आधी जावं, त्यांना तर आजवर कुणीच काही विचारलेलं नाही.

– एक वाचक, दहिवडी, जि. सातारा