मत कोणाला दिलं, हे विचारू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पहिल्या पानावर तुमच्या प्रतिनिधीने वसईतली 'ख्रिस्ती मतं' कोणाच्या पारड्यात जाणार याचा हिशेब मांडला आहे. सकाळी वाचला, दुपारी पुन्हा वाचला आणि रात्री झोप येईना म्हणून हे पत्र लिहायला बसले.

आम्ही एकगठ्ठा मत देतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं? माझ्या वडिलांचा पक्ष अख्ख्या आळीला ठाऊक होता. आईचं मत मात्र शेवटपर्यंत कोणालाच कळलं नाही, वडिलांनाही नाही. मतदानाला दोघं बरोबर जात. परतताना वडील एवढंच विचारत, "झालं?" ती म्हणे, "झालं." मग घरी येऊन ती तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसे. पिठाने पांढऱ्या झालेल्या हातावर शाईचं ते एक काळं बोट मला अजून दिसतं. वडिलांनी पुढे कधी एक अक्षर विचारलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी आईला दिलेला हा सगळ्यात मोठा मान होता, असं मी मानते.

आता काय झालं आहे ते सांगते. २०२४ च्या विधानसभेला इथला निकाल जेमतेम तीन हजारांच्या फरकाने लागला. त्यानंतर आमच्याकडे एकाच्या मोबाइलवर केंद्रनिहाय आकडे आले. आमच्या केंद्रावर मतदार म्हणजे आमच्या दोन-तीन आळ्याच. "त्यांना पडलेली ही मतं कोणाची?" म्हणून घराघरांवर बोट ठेवणं सुरू झालं. माझा भाचा एका सभेला गेला होता, एवढ्यावरून आमचं घर त्या यादीत गेलं.

पुढच्या रविवारी चर्चमधल्या मिस्सात, म्हणजे आमच्या सामूहिक उपासनेत, शांतीचिन्हाची, म्हणजे आजूबाजूच्यांशी हात मिळवण्याची वेळ आली. माझ्या पुढच्या बाकावर ज्या बाई होत्या, त्यांच्याबरोबर मी अठरा वर्षं मुलांना धर्मशिक्षण दिलं आहे. त्या डावीकडे वळल्या, उजवीकडे वळल्या, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वेदीकडे तोंड केलं. माझा पुढे केलेला हात तसाच राहिला. त्या दिवशी कम्युनियन, म्हणजे वेदीपाशी मिळणारी पवित्र भाकर, घ्यायला जावं की नाही, हेच मला कळेना.

मी मत कोणाला दिलं हे त्यांना आजही सांगितलेलं नाही. सांगितलं तर कदाचित त्यांचा राग जाईल. कदाचित आमचं दोघींचं मत एकच असेल. पण मी सांगितलं की उद्या शेजारणीलाही सांगावं लागेल, आणि जी सांगणार नाही ती आपोआप गुन्हेगार ठरेल. म्हणून मी गप्प आहे. दर रविवारी मात्र मीच आधी त्यांच्याकडे वळते.

येशूच्या बारा शिष्यांत मत्तय रोमी सत्तेसाठी जकात गोळा करणारा, आणि शिमोनाला लोक जिलोत म्हणत, म्हणजे त्याच सत्तेच्या कडव्या विरोधकांचं नाव त्याला चिकटलेलं. दोघं एका पंगतीला बसले. आम्ही हेच मुलांना शिकवतो ना? मग निवडणूक आली की ते जातं कुठे? आमचे फादर वेदीवरून मतदान करा म्हणतात, कोणाला ते सांगत नाहीत. ते बरोबरच करतात. फाटकाबाहेर उभं राहून आपणच एकमेकांना विचारतो, ते बंद झालं पाहिजे.

कायदाही हेच सांगतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे मत कोणाला दिलं हे सांगायला कोणावरही सक्ती करता येत नाही. न्यायालय विचारू शकत नाही ते आळीने विचारावं? मतपत्रिका होत्या तेव्हा, निवडणूक आयोगाला गरज वाटेल तिथे, अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजायची सोय होती. मतदान यंत्रं आली आणि प्रत्येक केंद्र उघडं पडलं. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र दाखवणारं टोटलायझर वापरा, असं निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवलं, विधी आयोगाने मार्च २०१५ च्या २५५ व्या अहवालात तीच शिफारस केली. अजून ते आलेलं नाही. तुमच्या प्रतिनिधीने यावर लिहावं. आमच्यासारख्या लहान वस्त्यांना त्याची फार गरज आहे.

आणखी एक. तुमच्या तक्त्यात 'मराठी मतदार' एका रकान्यात आणि 'ख्रिस्ती मतदार' दुसऱ्या रकान्यात आहेत. आमच्या मिस्सा मराठीत होतात, आमची मुलं मराठी शाळांत शिकली, आणि याच वसईतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांना तुम्ही कोणत्या रकान्यात घातलं असतं? तो तक्ता दुरुस्त करून पुन्हा छापावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वसई