डाव्या पंखासाठी

इंदूर, लोकमान्यनगर

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आई, फोनवर तू विचारलंस, "पंखा झाला का दुरुस्त?" अगं, पंखा नाही, पंख! सुट्या भागांचं किट आणून मी घरी बांधतेय, त्या विमानाचा. उजवा झालाय. बाराएक फूट लांब आहे, ओसरीत तुझ्या जुन्या लुगड्यांच्या गोधडीवर पहुडलाय. पत्र्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. त्याला ओरखडा गेला की तिथूनच गंज धरतो, म्हणून ही बडदास्त. गोधडीवर प्रायमरचे हिरवे डाग पडलेत, ते आधीच कबूल करून टाकते.

बाबा, आता तुमच्याशी. मागे तुम्ही म्हणालात, "बोल्ट किटमधलेच कशाला, सियागंजात ढिगाने मिळतात." मिळतात, पण ते चालत नाहीत. विमानाच्या बोल्टची ताकद ठरलेली असते आणि डोक्यावर तशी खूण असते. आणि कानावरची ती तुमची पेन्सिल इथे बंद. शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइट ॲल्युमिनियमवर राहिलं आणि ओल लागली की तो भाग खायला लागतो. सुईने रेघ मारणं तर त्याहून वाईट, तडा तिथूनच सुरू होतो. मी मार्करने आखते. कानस मात्र तुम्ही शिकवलीत तशीच चालवते, प्रत्येक कडेवरून बोट फिरवून.

पत्रा जेमतेम ०.६ मिलिमीटरचा आहे. पत्रे जोडणारा रिवेट बहुतेक जागी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जाडीचा. मागून चेपून जे डोकं होतं ते दीड सूत रुंद आणि अर्धा सूत उंच भरलं पाहिजे. पुस्तकात हे इंचांच्या अपूर्णांकांत दिलंय. मी मनातल्या मनात सुतात केलं आणि पाठच झालं.

घोळ झाला तो पंखाच्या टोकाशी. रिवेट मारायला दोघं लागतात: एक बाहेरून हवेची गन चालवतो, दुसरा आतून लोखंडाचा ठोकळा, म्हणजे बार, टेकवून धरतो. बार तुमच्या जावयांकडे होता. त्यांचा फोन वाजला, बार कलला, मी दचकले, गन घसरली आणि पत्र्यावर छान चंद्रकोर उमटली. अकरा रिवेट वाकडे. दुसऱ्या दिवशी एकेकाच्या डोक्यात मधोमध ड्रिल घालून, डोकं उडवून, उरलेला दांडा पंचने हलकेच बाहेर काढला. दोन भोकं तरी मोठी झालीच, तिथे पुढच्या मापाचा रिवेट घालावा लागला. सगळा रविवार गेला. पोहे-जिलबी आणली होती, ती संध्याकाळी खाल्ली, गार.

आई, तुझी काळजी कळते. मुंबईत गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांचं तूच मला सांगायचीस, पण ते पायलट आहेत हेही तूच ऐकवतेस. त्यांच्या विमानाला नोंदणी मिळाली २०१७ मध्ये, कितीतरी वर्षांच्या खटपटीनंतर. माझं तर अजून शेपूट, इंजिन, तारा, सगळंच बाकी आहे. पत्रा बंद करण्याआधी एक निवृत्त विमान मेकॅनिक येऊन आतलं पाहून जातात. त्यांनी मान हलवल्याशिवाय मी पुढे जात नाही. आणि पहिलं उड्डाण मी करणार नाही, शब्द देते.

बाबा, डावा पंख दिवाळीनंतर बांधायला घेतेय. बार धरायला तुम्ही हवे आहात. हात थरथरतो म्हणालात. अहो, गन सुरू झाली की सगळ्यांचाच थरथरतो! बार दाबायचा नसतो, त्याच्या वजनानेच टेकवायचा, फक्त सरळ. आणि डोकं भरलं की नाही हे गनवाल्याला दिसत नाही, बारवाला बघून सांगतो. मिलमध्ये उभं आयुष्य फिटर म्हणून काढलंत, ते तुम्हाला नुसतं बोट लावूनही कळेल.

दादाला सांगून पुण्याहून दोघांचंही तिकीट काढते. खालची खोली रिकामी केलीय. गन रात्री आठनंतर बंद असते (शेजाऱ्यांशी तह झालाय), कानात घालायचे बोळे आहेत. आई, येताना मेतकूट आण, इथलं तुझ्यासारखं नाही.

तुमची,
धाकटी