हनीईटर म्हणजे शिंजीर नव्हे

महोदय,

ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीतल्या ‘हनीईटर’ पक्ष्यांना मराठीत शिंजीर किंवा सूर्यपक्षी म्हणून मोकळे होणे चुकीचे आहे. शिंजिराचे कूळ नेक्टारिनिडी, हनीईटरचे मेलिफॅगिडी. शिंजिराची जीभ नळीसारखी असते, तर हनीईटरची टोकाशी चिरत जाऊन ब्रशसारखी झालेली असते. दोघेही फुलांतला मध पितात म्हणून दिसायला थोडे सारखे झाले, एवढेच. उत्तर क्वीन्सलँडमध्ये तर खरा सूर्यपक्षीही आहे. तिथल्या हनीईटरला ‘सूर्यपक्षी’ लिहिले, की वाचकासमोर भलताच पक्षी उभा राहतो. ‘मधुभक्षी’ही नको, आपल्या मधुबाजाशी त्याचा घोटाळा होतो. सरळ हनीईटर लिहावे आणि सोबत दोन शब्दांचे शास्त्रीय नाव द्यावे: पहिला शब्द प्रजातीचा (genus, म्हणजे जवळच्या जातींचा गट), दुसरा जातीचा (species).

ते नाव किती कामाचे, हे निळ्या चेहऱ्याच्या हनीईटरवरून कळते. इंग्रज पक्षीशास्त्रज्ञ जॉन लॅथम यांनी 1801 मध्ये एकाच ग्रंथात या एकाच पक्ष्याला तीन नावे दिली: ग्रॅक्युला सायनोटिस, मेरॉप्स सायनॉप्स आणि टर्डस सायनस. म्हणजे एकदा तो डोंगरी मैनेच्या प्रजातीत, एकदा वेड्या राघूच्या, तर एकदा कस्तुराच्या! लॅथम स्वतः ऑस्ट्रेलियात कधी गेले नव्हते. तिकडून आलेल्या चित्रांवर त्यांची बरीच भिस्त होती. पुढे 1825 मध्ये निसर्ग अभ्यासक विल्यम स्वेन्सन यांनी एंटोमायझन ही प्रजाती निर्माण केली. आज नाव लिहितात ते असे: एंटोमायझन सायनोटिस (लॅथम, 1801).

यातला कंस शोभेचा नाही. लॅथम यांनी जात वर्णिली ती दुसऱ्या प्रजातीत, नंतर ती हलवली गेली, असे तो सांगतो. कंस गाळला तर लॅथम यांनीच तिला एंटोमायझनमध्ये ठेवले असा अर्थ होतो, आणि ते खोटे आहे.

प्रजाती बदलली की कधीकधी दुसऱ्या शब्दाचे शेपूटही बदलते. आपला जांभळा शिंजीर जुन्या पुस्तकांत नेक्टारिनिया एशियाटिका आहे, आता तो सिनिरिस एशियाटिकस झाला. काळी घोडी, काळा घोडा म्हणावे तसेच हे. दुसरा शब्द विशेषण असेल, तर तो प्रजातीच्या नावाच्या लिंगाप्रमाणे चालतो. ही छपाईची चूक समजून ‘दुरुस्त’ करू नये.

छायाचित्राखाली ओळ देतानाही जपावे. निळ्या चेहऱ्याच्या हनीईटरच्या लहान पक्ष्याच्या डोळ्याभोवतीची उघडी कातडी पिवळट हिरवी असते, निळी नंतर होते. रंगावरून ती वेगळी जात ठरत नाही. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या पक्ष्याच्या पंखावर उडताना मोठा पांढरा पट्टा दिसतो. ती अल्बिपेनिस ही उपजात, तिचे नाव तीन शब्दांत लिहावे.

रोमन लिपीत प्रजातीचे पहिले अक्षर मोठे आणि जातीचे लहान असते. देवनागरीत ती सोय नाही, म्हणून निदान दोन्ही शब्द सुटे आणि तिरप्या अक्षरांत छापावेत, अशी विनंती.

– काही पक्षी अभ्यासक, पुणे